बजरंगबली, पंच आणि माझा अंगठा: कुस्तीच्या फोटोंसाठी फोकस शिकताना

लेकीच्या कुस्तीचे चार बरे फोटो काढता यावेत, एवढीच हौस होती. त्या हौसेपायी सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ असे तीन महिने गेले, पुण्याची एक फुकट खेप झाली आणि घरात कॅमेऱ्यावरून बोलणी खाल्ली ती वेगळीच. आता जरा हाताला वळण लागलंय म्हणून लिहून ठेवते. मी पतसंस्थेत हिशेब बघते, त्यामुळे जे काही करीन ते वहीत मांडायची खोड आहे. खालचे आकडे त्या वहीतलेच.

२२ सप्टेंबरला, रविवारी, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानातून जुना कॅमेरा घेतला. २०१५ सालचा, आरशाचा डीएसएलआर, ५१ फोकस पॉइंटांचा, म्हणजे चित्रात ५१ जागी फोकस धरू शकणारा. मॉडेल मुद्दाम सांगत नाही, कारण मग खाली कंपन्यांची भांडणं सुरू होतात. बॉडी २७,५०० आणि ८५ एमएमची एफ १.८ लेन्स १७,००० रुपये. दुकानदारानं कच्च्या पावतीवर 'जुना माल, परत नाही' असं लिहून दिलं आणि मी, दिवसभर लोकांची व्हाउचरं तपासणारी बाई, ती पावती घडी घालून पर्समध्ये टाकून घरी आले. बॉडीचा नंबर पावतीवर होता, लेन्सचा नव्हता. पुढं त्याचा त्रास झाला. तुम्ही घ्याल तेव्हा दोन्ही नंबर लिहून घ्या आणि दुकानातच ताडून बघा.

लेक नववीत आहे, ४६ किलो गटात खेळते. मुलींचा सराव शहराबाहेरच्या एका केंद्रात, पत्र्याच्या शेडमध्ये मॅटवर चालतो. वर चार एलईडी दिवे, एका बाजूला सिमेंटची जाळी, आणि समोरच्या भिंतीवर गदा घेतलेल्या बजरंगबलीचं मोठं चित्र. ६ ऑक्टोबरला, नवरात्रातल्या रविवारी, तिथंच मुलींच्या चाचणी कुस्त्या ठेवल्या होत्या. मी ४१२ फोटो काढले. कॅमेरा दुकानातून आला तसाच होता: फोकसचं सगळं ऑटोवर, पॉइंट कुठला घ्यायचा तेही त्याच्यावरच सोडलेलं.

रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉपवर बघायला बसलो. बजरंगबली काय सुरेख आला होता! शेपटीचा केस न् केस मोजून घ्यावा. त्याच्यापुढं दोन धुरकट आकृत्या एकमेकींना धरून उभ्या.

"आई, देव लई भारी आलाय," लेक म्हणाली. "मी कुठाय ह्यात?"

घरचे हसले, मीही हसले. पण तिनं त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्याहून मोठ्या मुलीला चितपट केलं होतं, आणि त्या क्षणाचे माझ्याकडं सात फोटो होते. सातही धूसर. ती उठून जाता जाता म्हणाली, "मी जिंकलो तेव्हाच बरं तुझा कॅमेरा झोपला." आमच्याकडं पोरी 'मी जिंकलो' असंच म्हणतात. पण वाक्य मला लागलं ते लागलंच.

४१२ पैकी वापरता येतील असे ३४ निघाले. उरलेल्या ३७८ ची मी वहीत नुसती 'खराब' अशी एकच ओळ लिहिली. ती माझी पहिली चूक. खराब फोटो दोन वेगळ्या कारणांनी खराब होतो आणि दोन्हींचा इलाज वेगळा असतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. मी थेट निष्कर्ष काढला: लेन्स बिघडलेली आहे, दुकानदारानं गळ्यात मारली.

दुकानात गेले. "पावतीवर काय लिहिलंय वाचा की वहिनी." वाचलं आणि परत आले.

मध्ये खंडेनवमी आली. आमच्याकडं शस्त्रं म्हणजे लेकीचा मुद्गल, नवऱ्याचे पाने-स्क्रूड्रायव्हर आणि माझा कॅल्क्युलेटर. यंदा पाटावर कॅमेराही ठेवला. सासूबाईंनी हळदकुंकू इतकं मनापासून वाहिलं, की फ्लॅश बसवायच्या खाचेतलं कुंकू काढायला मला ब्रश घेऊन अर्धा तास बसावं लागलं. करायचीच असेल तर लेन्सला झाकण लावून आणि कॅमेरा पिशवीत ठेवून पूजा करा, देवाला चालतं.

१४ ऑक्टोबरला सोमवारची किरकोळ रजा टाकली आणि पहाटेच्या एसटीनं पुणे गाठलं. तिथल्या एका खाजगी दुरुस्तीवाल्याचं नाव कुणीतरी सांगितलं होतं. पाऊण तास रांग. मग जॉबशीट. त्यावर बॉडीचा नंबर, लेन्सचा नंबर, सोबत काय काय दिलं (पट्टा, दोन्ही बाजूंची झाकणं, बॅटरी, कार्ड नाही), तक्रार काय. तक्रारीच्या रकान्यात मी 'फोटो धूसर येतात' लिहिलं. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "पुढं फोकस होतो की मागं?" मला उत्तर देता आलं नाही. "सॅम्पल फोटो आणलेत?" नव्हते आणले. लेन्सचा नंबर पावतीवर नसल्यानं 'मालकीची खात्री ग्राहकाची' असं एक वाक्य लिहून त्याखाली सही घेतली. तपासणीचे १,००० आणि त्यावर जीएसटी १८० असे ११८० रुपये आगाऊ भरले. आठ दिवस म्हणाले होते, एकवीस लागले. दिवाळी मधेच येऊन गेली आणि अभ्यंगस्नानापासून भाऊबीजेपर्यंत सगळे फोटो मोबाइलवर निघाले.

४ नोव्हेंबरला कुरिअरनं पार्सल आलं, ३५० रुपये वेगळे. आत कागद: 'तपासणी केली. दोष आढळला नाही.'

मी तो कागद दोनदा वाचला. पतसंस्थेत असा शेरा आला की आनंद होतो. इथं रडू आलं.

दुरुस्तीला पाठवायच्या आधी घरी काय करून बघायला हवं होतं, ते मी नंतर केलं. क्रम उलटा झाला, तुमचा होऊ नये. १० नोव्हेंबरच्या रविवारी सकाळी खिडकीजवळ टेबल ओढलं आणि त्यावर कांदा-लसूण चटणीच्या पाच सारख्या बरण्या तिरप्या ओळीत मांडल्या, प्रत्येक बरणी मागचीपेक्षा चार बोटं पुढं. प्रत्येकीवर कागद चिकटवून पुढून मागं १ ते ५ आकडे लिहिले. कॅमेरा स्टुलावर, पुस्तकांच्या थप्पीवर, चार मीटर लांब. लेन्स एफ १.८ ला पूर्ण उघडी, हात लागून हलू नये म्हणून टायमर लावलेला. मधला एकच पॉइंट निवडून तिसऱ्या बरणीवर फोकस केला आणि डोळा लावायच्या खिडकीतून दहा फोटो काढले. प्रत्येक फोटोआधी लेन्सची रिंग हातानं फिरवून फोकस बिघडवायचा, म्हणजे त्याला दर वेळी नव्यानं शोधावा लागतो. मग तेच दहा मागच्या स्क्रीनवर बघत, लाइव्ह व्ह्यूमध्ये.

हे दोनदा का करायचं? आरशाच्या कॅमेऱ्यात फोकसचे दोन वेगळे काटे असतात. खिडकीतून बघताना आरशातून थोडा उजेड खाली वळतो आणि तळाशी बसवलेला वेगळा सेन्सर अंतर जोखतो. तो झटपट सांगतो, किती फिरायचं आणि कुठल्या बाजूला तेही एका दमात. लाइव्ह व्ह्यूमध्ये आरसा वर जातो आणि जिथं फोटो उमटतो त्याच सेन्सरवर, चित्राच्या कडा किती ठसठशीत दिसतात हे पुढंमागं करून बघत फोकस ठरतो. हा हळू, पण फोटो तिथंच उमटत असल्यानं चुकायला जागा कमी. गुळाच्या सौद्याला यार्डातला काटा एक आणि दुकानातला एक असं असलं की दोन्हींत थोडी तफावत निघतेच, तसंच हे.

माझ्या दोन काट्यांत तफावत निघाली, पण किरकोळ. स्क्रीनवरून तिसरी बरणी लखलखीत. खिडकीतून तिसरी बरी, पण चौथीकडं किंचित कललेली, म्हणजे फोकस जरासा मागं. यासाठी सेटअपच्या मेनूत ऑटोफोकस फाइन ट्यून असतं, माझ्याकडं उणे २० पासून अधिक २० पर्यंत. मागं जात असेल तर उण्याकडं न्यायचं, पुढं येत असेल तर अधिककडं. उणे ४ वर माझं जमलं. सगळ्या कॅमेऱ्यांत ही सोय नसते, तुमच्यात आहे का ते आधी बघा. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांना हा दुसरा काटाच नसल्यानं ही भानगड जवळपास नाहीच.

चार मीटरवर दोन-तीन बोटांची तफावत. बजरंगबली तर लेकीच्या मागं चांगला वीस फूट होता! म्हणजे गुन्हेगार लेन्स नव्हतीच. त्या संध्याकाळी मी ३७८ खराब फोटो पुन्हा उघडले आणि या वेळी एकेक मोठा करून तीन रकान्यांत टाकले. फोटोत कुठंच काही स्पष्ट नाही, सगळं एका दिशेला ओढल्यासारखं आहे, तो 'हललेला'. मागचं काही स्पष्ट आहे, तो 'बजरंगबली'. पुढचं काही स्पष्ट आहे, तो 'पंच', कारण दर वेळी पुढं पंचांची पाठच होती. हललेले १४३, बजरंगबली १८९, पंच ४६. बेरीज जुळली.

हललेल्यांचा फोकसशी संबंधच नव्हता. शटर १/१२५ सेकंदावर होतं आणि कुस्तीत एवढ्या वेळात हात कुठल्या कुठं जातो. ते १/६४० केलं, आयएसओ, म्हणजे कमी उजेडातही फोटो उजळ काढायची सेटिंग, ६४०० पर्यंत चढू दिला, प्रश्न मिटला. फोटोत दाणे येतात, येऊ देत. एक मात्र सांगते: एलईडीच्या दिव्यांखाली एवढं वेगवान शटर लावलं की लागोपाठचे फोटो कमीजास्त उजेडाचे येऊ शकतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि काही दिवे त्या हिशेबानं सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. मी त्यात कॅमेऱ्याचा नवा बिघड शोधायला लागले होते.

उरले बजरंगबली आणि पंच. त्यांच्यासाठी महाद्वार रोडच्या बोळातल्या स्टुडिओवाल्या काकांकडं गेले. आमच्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढलेले. आता स्टुडिओत पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशन एवढंच चालतं, पण भिंतीवर अजून खासबाग मैदानातल्या कुस्त्यांचे कृष्णधवल फोटो आहेत. एकात वरचा पैलवान पूर्ण हवेत आहे, आणि त्याच्या पाठीवरची लाल माती कृष्णधवल फोटोतही कणाकणानं दिसते.

"हे कुठल्या कॅमेऱ्यानं काढलं काका?"

"हातानं," काका म्हणाले. "ऑटोफोकस कुणाकडं होता तेव्हा? १९७७ ला जपान्यांनी पहिला ऑटोफोकसचा छोटा कॅमेरा बाजारात आणला, तो आमच्यापर्यंत यायला किती वर्षं गेली. शाहू महाराजांनी १९१२ ला बांधलेलं मैदान हे. मातीचा हौदा जागचा हलत न्हाई. मी हौद्याच्या मधोमध फोकस बांधून ठेवायचो, लेन्सचं छिद्र बारीक करायचो आणि पैलवान तिथं यायची वाट बघायचो. फोकसनं पैलवानामागं पळायचं न्हाई, पैलवानानं फोकसमध्ये यायचं."

मग त्यांनी माझा कॅमेरा हातात घेतला, मेनू बघितला आणि हसले. "अगं, कॅमेरा हुशारच असतोय. पण ह्यातली तुझी लेक कुठली, हे त्याला कोण सांगणार?"

सगळं ऑटोवर असलं की कॅमेरा आपल्या मनानं पॉइंट निवडतो. बहुतेकदा जे जवळ आहे किंवा ज्याच्या कडा ठळक आहेत ते. भिंतीवरची जाड काळी रेघ त्याला काळपट टी-शर्टातल्या पोरींपेक्षा सोपी. दुसरी गोष्ट त्यांनी एसटीवरून सांगितली. "सीबीएस स्टँडवर उभ्या गाडीची पाटी वाचायची तर एकदा बघितलं की झालं. सुटलेल्या गाडीमागं पळायचं तर नजर काढून चालंल व्हय?" पहिलं म्हणजे सिंगल, कॅमेऱ्यावर एएफ-एस (एएफ म्हणजे ऑटोफोकस). बटण अर्धं दाबलं की एकदा फोकस होतो आणि तिथंच कुलूप बसतं. दुसरं म्हणजे कंटिन्युअस, एएफ-सी. बटण धरून ठेवाल तोवर तो अंतर पुन्हा पुन्हा जोखत राहतो. निकॉन आणि सोनीवर ही नावं, कॅननवर वन शॉट आणि सर्वो. तिसरं एक आपोआप बदलणारं असतं, तेच माझ्याकडं लावलेलं होतं. दोघी पैलवान खडाखडी करत क्षणभर थबकल्या की ते 'उभी गाडी' समजून कुलूप लावायचं, मी 'टुक' आवाजाची वाट बघायचे, आणि तोवर लेक हातभर पुढं. ८५ एमएमची लेन्स एफ १.८ ला उघडली आणि पाच मीटरवर धरली, तर स्पष्ट दिसणारा पट्टा एक वीतभर असतो. हातभर म्हणजे गेलंच. काकांच्या सांगण्यावरून छिद्र बारीक करून एफ २.८ केलं, पट्टा दीड वीत झाला. तेवढंही पुष्कळ.

२० नोव्हेंबरला मतदानाची सुट्टी होती. सकाळीच बोटाला शाई लावून घेतली आणि दुपारपासून रंकाळ्यावर जाऊन बसले. त्या दिवशी एकच काम, पॉइंट किती वापरायचे ते ठरवायचं. एएफ-सीमधले चार प्रकार बघायचे होते: एकच पॉइंट, भोवतीचे मिळून ९, सगळे ५१, आणि रंग ओळखून पाठलाग करणारा थ्रीडी. बाकावर बसून मी पिवळ्या फ्रॉकातल्या एका छोटीच्या मागं थ्रीडी लावला. ती भेळेच्या गाडीपासून धावत कठड्यापर्यंत गेली आणि पॉइंट तिला चिकटून गेला. वाटलं, संपलं, मिळालं! (तिच्या आईला विचारून काढले आणि तिथंच दाखवून पुसले. विचारलेलं बरं.)

२४ तारखेला केंद्रात तोच थ्रीडी साफ झोपला. सरावाला दोघींचे टी-शर्ट काळपट, रंगावरून ओळखायचं काय? पकड झाली की पॉइंट एकीवरून दुसरीवर, तिथून मॅटवर. सगळे ५१ लावले तर तो मनाला येईल तिकडं सरकायचा. एकच पॉइंट सर्वांत नेमका, पण तो लेकीच्या खांद्यावर धरून ठेवायला माझा हात तेवढा तयार नाही. तो मधल्या फटीतून निसटायचा आणि बजरंगबली हजर. ९ चा जमला. मधला पॉइंट मी धरायचा, तो हुकला की शेजारचे आठ सांभाळून घेतात. आणि पॉइंट शक्यतो मधलाच. माझ्या कॅमेऱ्यात ५१ पैकी मधले १५ क्रॉस आहेत, म्हणजे आडव्या आणि उभ्या दोन्ही रेघा ओळखणारे. कडेचे एकाच दिशेच्या ओळखतात आणि शेडमधल्या उजेडात चाचपडत बसतात. फोटोची मांडणी नंतर कापून करते.

काकांच्या पुतण्यानं एकदा त्याचा नवा, आरसा नसलेला कॅमेरा हातात दिला. डोळा ओळखून फोकस करणारा. खडाखडीपर्यंत जादूच. मग एकीचं डोकं दुसरीच्या काखेत गेलं आणि बिचारा डोळा शोधत राहिला. लाखाच्या वर किंमत ऐकल्यावर हे बघून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

बजरंगबली कमी झाले, पंच मात्र हटेनात. पंचांना दोघींभोवती फिरत राहावं लागतं, त्यांचाही इलाज नाही. ते मध्ये आले की एएफ-सी इमानदारीनं त्यांच्या पाठीवर फोकस न्यायचा. याला मेनूत एक उतारा आहे, फोकस ट्रॅकिंग विथ लॉक-ऑन. मध्ये काही आलं तर नव्या वस्तूकडं जाण्याआधी किती दम धरायचा, ते १ ते ५ मध्ये ठरवता येतं. ३ वर होतं, ५ केलं. थोडा फरक पडला.

खरा फरक अंगठ्यानं पडला. कॅमेऱ्याच्या मागं, अंगठ्याशी एक बटण असतं. काहींवर एएफ-ऑन असं वेगळं असतं, माझ्याकडं नव्हतं, म्हणून उजेड आणि फोकस धरून ठेवायचं जे एई-एल/एएफ-एल बटण आहे त्यालाच कस्टम मेनूतून एएफ-ऑनचं काम दिलं. त्यानंतर शटरचं बटण फक्त फोटो काढतं, फोकस फक्त अंगठा करतो. आधी मला हे नसतं सोंग वाटलं. एका बोटात होणाऱ्या कामाला दोन कशाला? वापरल्यावर लक्षात आलं की याचा उपयोग फोकस करण्यापेक्षा तो थांबवायला आहे. दोघी एकमेकींत अडकल्या, जागच्या जागी जोर चाललाय, म्हणजे अंतर बदलत नाही. अंगठा उचलला. आता पंच येऊ देत, बजरंगबली येऊ दे, कॅमेरा ढिम्म हलत नाही आणि मी फोटो काढतच राहते. सुटल्या, अंगठा परत खाली. म्हणजे काकांचा बांधून ठेवलेला फोकसही माझ्या हातात आणि पळता फोकसही, मेनूत न शिरता.

सांगायला सोपं आहे. पहिला आठवडाभर मी अंगठा दाबायचंच विसरत होते. काकडी चिरताना, बसमध्ये दांडा धरताना अंगठा दाबून बघायचे. त्यातच जावेच्या डोहाळजेवणाला कॅमेरा दिरांच्या हाती दिला आणि ओटी भरायला बसले. दिरांना अंगठ्याची भानगड कोण सांगणार? साठ फोटो, साठही धूसर. जाऊबाई अजून तो विषय काढतात. तेव्हापासून वरच्या चाकावरच्या यू१ मध्ये साधी रचना आणि यू२ मध्ये अंगठ्याची रचना जपून ठेवलीय. घरात कुणालाही कॅमेरा देताना चाक यू१ वर, हा आता आमच्याकडचा नियमच आहे.

डिसेंबरच्या २२ तारखेला निवड चाचणी होती. प्रेक्षकांतून काढायचं तर मध्ये डोकीच डोकी, म्हणून मॅटजवळ बसायची परवानगी हवी होती. ५ डिसेंबरला आयोजकांच्या कार्यालयात गेले. साध्या कागदावर अर्ज, आधारची झेरॉक्स, दोन पासपोर्ट फोटो आणि लेकीच्या केंद्राचं पत्र मागितलं. पत्रावर जावक क्रमांक नव्हता म्हणून परत. ९ तारखेला क्रमांक घालून नेलं तर सही करणारे साहेब बाहेरगावी. १७ ला पास मिळाला, पैसे काही नाहीत. फ्लॅश नाही, ट्रायपॉड नाही, मॅटच्या कडेपासून दोन मीटर लांब बसायचं, आणि इतर मुलींचे फोटो त्यांच्या पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठंही टाकायचे नाहीत. ही शेवटची अट त्यांनी माझ्याकडून हातानं लिहून घेतली, आणि खेटे घालून वैतागले होते तरी ती मला पटली. तुम्हाला असं काही करायचं असेल तर पंधरा-वीस दिवस आधी सुरुवात करा आणि पत्रावर जावक क्रमांक बघून घ्या.

२२ ला सकाळी नऊपासून मांडी घालून बसले. पोटात गोळा, लेकीपेक्षा मलाच जास्त. मॅटचं वर्तुळ नऊ मीटरचं, त्यामुळे दोघी कधी अगदी जवळ, कधी दहा मीटरवर. लेक लाल कॉस्च्यूममध्ये, समोरची निळ्यात. रंग एवढे वेगळे बघून थ्रीडीचा मोह झाला, आवरला. पहिल्या कुस्तीत अंगठा चांगला चालला. दुसऱ्यात लेकीवर गुण चढायला लागले तसा मी घाबरून अंगठा दाबूनच धरला, सोडायचं सुचेचना, आणि पंचांच्या पाठीचा एक सुरेख संच जमा झाला. मधल्या तीस सेकंदांच्या विश्रांतीत लेक कोपऱ्यात पाणी पीत होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघून हात हलवायच्या ऐवजी आयएसओ बघत होते. हे मला तिनं रात्री सांगितलं.

ती दुसरी कुस्ती हरली.

एकूण ३४७ फोटो, त्यातले १५८ बरे. हललेले २२, पंच १०४, बाकीचे मॅट आणि मागची बॅनरं. शटरला फोकस झाल्याशिवाय सुटायचं नाही अशीही एक सेटिंग असते. तीही मी मध्ये लावून बघितली, पण ऐन वेळी बटण दाबूनही फोटो निघेना तेव्हा घाईघाईनं काढून टाकली. धूसर तर धूसर, निघू दे.

रात्री लेक काही बोलत नव्हती. मी लॅपटॉप उघडला नाही. नऊच्या सुमारास तीच म्हणाली, "दाव की." एकेक बघत गेली. एका फोटोवर थांबली. तिनं एकेरी पट काढायला झेप घेतलेली, समोरचीचा पाय तिच्या दोन्ही हातांत, कपाळावरचा घाम, मनगटाची चिकटपट्टी अर्धी सुटलेली, सगळं स्वच्छ. मी मनात म्हटलं, हा मोठा करून फ्रेम करायचा.

तिनं फोटो आणखी मोठा केला, हातांपर्यंत. "हे बघ. गुडघ्याच्या किती वर धरलोय मी. म्हणून सुटली ती."

मग माझा मोबाइल घेऊन तिनं तो फोटो तिच्या वस्तादांना पाठवला. दहा मिनिटांत त्यांचा आवाज आला: "फोटो बघितला. हात वर हाय, बरोबर. वहिनी, दुसऱ्या कुस्तीतलं असलं आणखी किती हायत तेवढं पाठवा, आणि पोरीला उद्या साडेपाचला धाडा."

दुसऱ्या कुस्तीतले चांगले अकराच होते. सगळे पाठवले.